रीळ घेण्याआधी बंधाऱ्याखालचं पाणी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात कऱ्हाडच्या एका तरुण वाचकानं विचारलं होतं, की नदीवर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बोंड, लावून मासे धरायचे तर दोरी गुंडाळायचं रीळ कोणतं घ्यावं? पुढच्याच आठवड्यात त्याला उत्तर आलं : सहा हजार नंबरचं मोठं, दणकट रीळ घे, त्यावर ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी भर, पुन्हा बघायला नको. उत्तर देणाऱ्या गृहस्थांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण त्यांनी सांगितलेलं रीळ धरणाच्या काठावरून जड शिसं लांब भिरकावून कटल्याची वाट बघत बसणाऱ्यासाठी आहे. वाहत्या नदीत तीन ग्रॅमचा फ्लोट सोडणाऱ्या पोराच्या हातात ते दिलं, तर महिनाभरात तो नाद सोडून देईल. म्हणून हे पत्र. जरा लांबलं तर कात्री लावावी.

मी इचलकरंजीचा. हयात यंत्रमागावर जॉबर म्हणून गेली. सूत कुठं अडतं, का तुटतं, पीळ कुठून चढतो, हे बघण्याचाच पगार मिळायचा. नदीवरच्या रिळाकडंही मी त्याच नजरेनं बघतो. दुकानदार तुम्हाला रीळ दोरी किती जोरात ओढतं ते सांगतो. फ्लोटवाल्यानं विचारायचं ते एकच, की दोरी त्याच्यावरून सुटते कशी?

दोरी सुटण्याच्या तऱ्हा दोनच, आणि दोन्ही आमच्या मागावर रोज दिसतात. मागाच्या पाठीमागं ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, बीम असतं. त्यावरचं सूत सरळ पुढं जातं आणि सूत जाईल तसं बीम फिरतं. आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यातल्या कांडीचं तसं नाही. कांडी जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्यानं उलगडत निघून जातं. मासेमारीतलं सेंटरपिन रीळ हे बीम आहे. मधल्या एका दांड्यावर मोकळं फिरणारं चक्र, ना गिअर ना दोरी गुंडाळणारी तारेची कमान, प्रवाह फ्लोटला ओढतो, फ्लोट दोरीला आणि दोरी चक्राला. आणि आज सगळीकडं दिसतं ते स्पिनिंग रीळ, ज्याला इंग्लंडात फिक्स्ड स्पूल म्हणतात, ती कांडी आहे. ही माझी कल्पना नव्हे. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला लोकरी सुताच्या गिरणीधंद्यातला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ नावाचा माणूस होता, त्यानं १९०५ साली या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत सरसर सुटताना बघून त्याला ते सुचलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आमच्या गावच्या माणसाला ही दोन सालं शेजारी शेजारी लिहायला बरं वाटतं.

मुलगी नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडं गेलो होतो तेव्हा जावयांनी ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान दाखवायला नेलं. मैदान बघून झालं आणि मी शेजारच्या ट्रेंट नदीच्या पायऱ्यांवरच रेंगाळलो, कारण तिथं माणसं बारा-तेरा फुटी काठ्या घेऊन फ्लोट सोडत उभी होती. नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्या यंत्रांचं शहर, आणि लाकडी चक्राचं जुनं रीळ जगभर 'नॉटिंगहॅम रीळ' याच नावानं ओळखलं गेलं. पुढं रेडिचच्या ऑलकॉक कंपनीचं 'एरियल' आलं, धातूचं, सायकलच्या चाकासारख्या आऱ्या असलेलं आणि वजनाला हलकं. ते रीळ तिथले म्हातारे अजून पुसून पुसून वापरतात. एका आजोबांचं काम मी बराच वेळ बघत होतो. अंगठा चक्राच्या कडेवर टेकवलेला, फ्लोट प्रवाहाबरोबर निघालेला, आणि मधेच ते अंगठ्यानं किंचित दाबून त्याला रोखत. कारण उघड आहे. नदीचं पाणी वर जोरात आणि तळाशी हळू वाहतं. फ्लोट आपल्या मनानं सोडला तर तो पुढं आणि आमिष त्याच्या मागं फरफटत. थोडा रोखून धरला की आमिष आधी पुढं जातं, तळाजवळून मासा जसं खाणं वाहत येताना बघतो तसंच जातं. फ्लोटच्या नदीतल्या मासेमारीचं सगळं मर्म या रोखण्यात आहे, आणि रीळ निवडायचं ते यासाठी.

हे ऐकून कऱ्हाडच्या मित्रानं लगेच सेंटरपिन शोधायला निघू नये. आधी आपलं पाणी बघावं.

ट्रेंट बारमाही वाहते. आपल्या कृष्णा, वारणा, पंचगंगा पावसाळा सोडला तर वाहतात कुठं? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ऑक्टोबरच्या सुमारास बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले, की नदीची तळी होतात. एका बंधाऱ्याचा फुगवटा संपतो तिथं दुसरा बंधारा उभा. अशा साचलेल्या पाण्यात फ्लोट जिथं टाकाल तिथंच बसतो, फार तर वाऱ्यानं सरकतो. तिथं सेंटरपिनचा काडीचा उपयोग नाही, कारण चक्र फिरवायला प्रवाहच नाही, आणि फ्लोट लांब फेकायचा तर चक्रावरून तो फेकणं ही वेगळी विद्या आहे. ट्रेंटवरसुद्धा ती साऱ्यांना येत नाही.

वाहतं पाणी मिळतं ते बंधाऱ्याच्या खाली शे-दोनशे पावलांत, ओढा नदीला मिळतो तिथं, आणि वरच्या धरणातून शेतीसाठी पाणी सोडलेलं असेल त्या दिवसांत. कऱ्हाडकर त्या बाबतीत नशीबवान. कोयनेच्या पायथा वीजगृहातून पाणी येतं तेव्हा कोयना भर उन्हाळ्यातही वाहते, आणि प्रीतिसंगमाच्या वरच्या अंगाला, कृष्णेवरच्या खोडशीच्या बंधाऱ्याखालीही, अशा जागा आहेत जिथं चालत्या माणसाच्या गतीनं पाणी सरकतं. कोळशी ही मासळी अशाच पाण्यात प्रवाहाकडं तोंड करून उभी असते. चिलापी मात्र कडेच्या संथ पाण्यात, आणि तीच आता जास्त मिळते. म्हणजे आपल्या माणसाला एकाच सकाळी दोन्ही तऱ्हेच्या पाण्याला पुरणारं रीळ हवं. पहिलं रीळ घेणाऱ्याला माझं उत्तर म्हणून साधं आहे : लहान स्पिनिंग रीळ, नंबर पंचवीसशे, उथळ स्पूलचं, म्हणजे दोरीची कांडी उथळ असलेलं. दोन-तीन हजारांत चांगलं येतं.

उथळ स्पूलवर एवढा भर का, ते सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. मोठ्या रिळाचं स्पूल खोल असतं, त्यात ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची दोरी) दोनशे मीटरच्या वर मावतो. फ्लोटला लागतो ०.१८ चा, आणि शंभर मीटर पुष्कळ झाला. तेवढा बारीक तंगूस खोल स्पूलात भरला तर तळाशी कुठंतरी जाऊन बसतो. मग सुटताना प्रत्येक वेढा स्पूलच्या काठावर घासत, अडत वर येतो. जड शिश्याला ते जाणवत नाही. फ्लोट मात्र प्रवाहात चालताना थांबून थांबून उड्या मारतो आणि मासा त्या आमिषाकडं बघतही नाही. मागावर अर्धी संपलेली कांडी बाणा, म्हणजे आडवं सूत, ओढून धरते तो हाच प्रकार. स्पूल काठाच्या दीड-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरलेलं पाहिजे. त्याहून वर भरलं तर वेढे आपोआप गळून गुंता होतो. खोल स्पूलच मिळालं तर खाली जुना जाड तंगूस गुंडाळून वर बारीक घ्यावा. कामचलाऊ उपाय आहे, पण चालतो.

दुकानात गेल्यावर खोक्यावरचा बेअरिंगचा आकडा वाचू नये. अकरा अधिक एक, तेरा अधिक एक, हे आकडे लिहिणाऱ्यानं बेअरिंग कुठं बसवलीत ते कधी सांगितलंय का? चार चांगली बेअरिंग योग्य जागी असली तर पुरतात, मागाच्या बाबतीतही हेच होतं. त्याऐवजी रीळ काठीला लावून मागा. दुकानदार कुरकुरेल, करू द्या. रिळाचा दांडा मधल्या दोन बोटांत धरा आणि तर्जनी सरळ करा. ती स्पूलच्या काठापर्यंत आरामात पोचली पाहिजे. हाताची ठेवण प्रत्येकाची निराळी, म्हणून मित्राचं रीळ बघून घेण्यात अर्थ नाही. वाहत्या पाण्यात तुम्ही तारेची कमान उघडी ठेवून दोरी सोडणार, आणि सेंटरपिनवाला अंगठ्यानं जे करतो ते तुम्हाला या तर्जनीनं करायचं आहे : वेढे सोडायचे, हलकेच दाबून फ्लोट रोखायचा, पुन्हा सोडायचा. फ्लोट बुडाला की बोटानं दोरी स्पूलवर दाबून काठी उचलायची, आणि मग हातानं कमान मिटायची. बोट पोचत नसेल तर ते रीळ फुकट दिलं तरी फ्लोटच्या कामाचं नाही. सहा हजार नंबरच्या रिळावर माझं तर पोचत नाही.

दुसरं, कमानीच्या टोकाला दोरी जिच्यावरून वळते ती बारकी पुली नखानं फिरवून बघा. अडकत असेल तर तिथंच तंगूस झिजणार. तिसरं, ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक. ०.१८ चा तंगूस अडीच-तीन किलोच्या ताणाला तुटतो, म्हणून ड्रॅग त्याच्या पाव हिश्श्याला सुटायला हवा, आणि झटका न देता सुटायला हवा. ड्रॅग ढिला करून दोरी हातानं ओढा. पहिल्या इंचाला अडखळून मग सुटत असेल तर पहिल्याच रोहूला तुम्ही गमावणार. वजनाचं म्हणाल तर पंचवीसशेचं रीळ पाव किलोच्या आसपास असतं. काठी दिवसभर हातात धरायची असते, जमिनीत रोवून ठेवायची नसते. हा फरक पहिल्या दिवशी कळत नाही, संध्याकाळी दंड सांगतो.

आता पीळ. स्पिनिंग रिळाची दोरी गुंतते अशी तक्रार सगळे करतात आणि रिळाला शिव्या घालतात. कांडीवरून सुटणाऱ्या सुताला दर वेढ्यामागं एक पीळ पडतो, हे आमच्याकडं नवं पोरगंही आठवड्यात शिकतं. रिळावर फेकताना पडलेला पीळ गुंडाळताना उलट फिरून निघून जातो, हिशेब जुळतो. तो बिघडतो कधी? मासा दोरी ओढत पळतोय, ड्रॅग सुटतोय, आणि तुम्ही घाबरून हँडल फिरवतच राहिलात, तेव्हा. त्या वेळी दोरी आत येत नाही, पण कमान फिरत असते. पाचास एक गिअरचं रीळ असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ. असे वीस फेरे फिरवले की शंभर पीळ थेट त्या बारीक तंगसात. ड्रॅग वाजायला लागला की हात थांबवायचा, काठी मागं घेऊन मासा ओढायचा आणि काठी पुढं नेताना गुंडाळायचं. चढलेला पीळ काढायचा असेल तर गळ, फ्लोट, शिसं सगळं सोडून नुसती दोरी बंधाऱ्याखालच्या धारेत लांब सोडा, थोडा वेळ राहू द्या आणि गुंडाळा.

नवीन तंगूस भरतानाही असंच. पाकिटातलं चाक पेन्सिलीवर घालून फिरवत भरावं असं सर्रास सांगतात. सेंटरपिनला ते बरोबर आहे, एका बीमवरून दुसऱ्या बीमवर. स्पिनिंग रिळाला तसं भरलं तर कमान प्रत्येक फेऱ्याला पीळ घालत जाते. त्याच्यासाठी चाक जमिनीवर आडवं ठेवावं आणि दोरी त्याच्या तोंडावरून येऊ द्यावी. दहा-बारा फेऱ्यांनंतर हात ढिला करून बघावं. दोरी वळवळली तर चाक उलटं करून ठेवावं. एवढंच.

ब्रेडेड दोरी फ्लोटला नको. ती बारीक आणि ताकदीची असते हे खरं, पण तिला अंगचा ताठपणा नाही. वाऱ्यानं फुगते आणि फ्लोटच्या शेंड्याला विळखा घालते. साधा तंगूस बरा, स्वस्तही. आणि शिश्याचे मणी दातांनी आवळायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडावी. हंस ते गिळून मरतात म्हणून इंग्लंडात १९८७ सालीच असले शिश्याचे मणी बंद झाले. आपल्याकडं अजून मिळतात, म्हणून निदान चिमटा वापरावा.

मधलं एक रीळ आहे, तोंडावर झाकण असलेलं. स्वीडनच्या आबू कंपनीची ती रिळं ट्रेंटवर स्पर्धेवाले एके काळी भरपूर वापरायचे, कारण दोरी झाकणाच्या आत असल्यामुळं वारा तिला उडवत नाही. आपल्याकडं त्याच्या नावाखाली जे प्लास्टिकचं खेळणं मिळतं, ते घेऊ नये.

मग सेंटरपिन कोणी घ्यावं? ज्याला बंधाऱ्याखालची एक-दोन धारेची ठिकाणं पक्की माहीत आहेत, ज्याला काठापासून चार-पाच काठ्यांच्या आतच मासे धरायचे आहेत, आणि ज्याला घाई नाही त्यानं. साडेचार इंची चक्राच्या एका फेऱ्याला फार तर छत्तीस सेंटिमीटर दोरी येते. फ्लोट वीस मीटर खाली गेला असेल तर पन्नासाहून जास्त फेरे, तेही दर वेळी. पण फ्लोट आणि अंगठा यांच्यामध्ये गिअर, कमान, ढील काही नाही. मोठी कोळशी लागली की तिचं डोकं हलवणं अंगठ्याला कळतं. ते सुख पंचवीसशेच्या रिळात नाही, हे मान्य करायलाच पाहिजे. माझ्याकडं मुलीनं पाठवलेलं एक आहे आणि वारणेवर पाणी चालू असलं की मी तेच नेतो.

घ्यायचं झालंच तर एक चकवा लक्षात ठेवा. चक्राला टिचकी मारून ते किती सेकंद फिरतं यावर विकणारे विकतात. जड चक्र एकदा सुरू झालं की उशिरापर्यंत फिरणारच, मागाचं फ्लायव्हीलही फिरतं. आपल्या संथ धारेत प्रश्न थांबण्याचा नसून सुरू होण्याचा असतो. चक्रावरून हातभर दोरी खाली सोडा, तिला हलक्यात हलका फ्लोट शिश्यासकट बांधून लोंबकळत ठेवा, आणि चक्र आपणहून फिरायला लागतं का बघा. लागत असेल तर घ्या, मग ते दहाच सेकंद फिरलं तरी हरकत नाही. फ्लाय फिशिंगची, म्हणजे खोटी माशी लावून मासे धरायची, रिळं दिसायला अगदी तशीच असतात आणि सेंटरपिन म्हणून गळ्यात मारली जातात. त्यांच्यात कटकट वाजणारा अटकाव असतो, तो बंद होत नसेल तर ते फ्लोटला बाद.

पैसे उरले तर ते काठीत घाला. सात फुटी काठीनं दोरी पाण्यावर लोळते, मग रीळ कोणतंही असो, धार दोरीला ओढून फ्लोट वाकडा नेते. दुकानातली साडेतीन मीटरची घडीची काठी चालते, आणि चांगला वाळवलेला चिवा (बारीक बांबू) मिळाला, त्याला कड्या बांधून घेतल्या, तर तोही चालतो.

शेवटी आपल्याला एक विनंती, संपादक महाशय. पावसाळ्यात आपण जिल्हा पानावर राधानगरी, चांदोली, कोयनेचा रोजचा विसर्ग छापता. ऑक्टोबर उजाडला की ती चौकट गायब होते, आणि आम्हाला नेमकी तेव्हापासून हवी असते. कोयनेच्या पायथ्याची दोन्ही युनिट चालू झाली की २१०० क्युसेक पाणी खाली येतं. ते कऱ्हाडला येईपर्यंत काही तास जातात. बंधाऱ्याखाली गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ते आधी कळलं तर तो वेळेवर काठावर येईल. पोहायला जाणारी पोरं आहेत, कपडे धुणाऱ्या बाया आहेत, मोटारी काढून घेणारे शेतकरी आहेत, त्यांनाही उपयोग होईल. सोन्या-चांदीच्या भावाखाली दोन ओळींची जागा पुरे.

आपला,
एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी